किटलीतले अकरा दिवस

टक्.

भर दुपारच्या सामसुमीत एवढासा आवाज झाला आणि मंजिरीने आधी जुईकडे पाहिलं. पाच वर्षांची पोर पंख्याखाली आडवीतिडवी पसरली होती. ती हलली नाही. आवाज न्हाणीघरातून आला होता. गीझरच्या कांडीवर चढलेली क्षारांची खपली तडकून टाकीच्या तळाशी पडली की असा आवाज होतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, पाल चुकचुकली. नांदुरखेडच्या माणसांना मात्र तो इतका सवयीचा, की त्याने कुणाची झोप मोडत नसे.

आज मंजिरीला तो खटकला. तिच्या पर्समध्ये अशाच एका खपलीचं वाचन घडी घालून ठेवलेलं होतं, आणि ती खपली तिच्या वडिलांच्या किटलीतली होती.

नांदुरखेडचं पाणी जड. किती जड, ते सांगायला प्रयोगशाळा लागायची नाही. साबण कितीही घासला तरी फेसाऐवजी हाताला चिकट साय यायची. स्टीलच्या बादल्यांवर पांढरे ढग उमटायचे. शॉवरचं पाणी सरळ खाली पडण्याऐवजी चारी दिशांना उडायचं, आणि कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ दाणा न् दाणा वेगळी पोहत राहायची. इथली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की महिन्याभरात तिचे केस मऊ व्हायचे, आणि पहिल्या माहेरपणाला आली की बायका म्हणायच्या, "सासर मानवलं हो हिला."

चार वर्षांपूर्वी मात्र याच पाण्याने नांदुरखेडचं नाव पेपरात आणलं.

पाणी उकळलं की त्यातला थोडा कार्बन डायऑक्साइड उडून जातो, विरघळलेल्या क्षारांना मग विरघळून राहता येत नाही, आणि चुनखडीचा एक अतिपातळ थर भांड्याला बसतो. दर उकळीला एक थर. हे शाळेच्या पुस्तकातही होतं. नवीन होतं ते थरवाचक यंत्र. नखाएवढी खपली त्याच्या खाचेत ठेवायची. सुईच्या टोकाहून बारीक असा लेसर किरण तिच्या कडेवरून सरकत जातो, प्रत्येक थराचा कणभर भाग जाळतो, आणि त्या जळण्याच्या उजेडावरून सांगतो की या थरात कॅल्शियम इतकं, मॅग्नेशियम इतकं, स्ट्रॉन्शियम इतकं. नगरपालिकेने ते आणलं होतं चोरून मारलेले बोअर शोधायला. धरणाचं पाणी हलकं, त्याचा थर पातळ. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं काळ्या दगडाच्या भेगांत मुरलेलं, त्याच्या थरात मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम भरपूर.

नांदुरखेडला चार दिवसांआड पाणी सुटतं, कधी धरणाचं, कधी बोअरचं. कोणत्या वॉर्डात कोणत्या दिवशी कोणतं सुटलं याची नोंद पाणीपुरवठ्याच्या वहीत असते. ती वही आणि खपलीतले थर शेजारी शेजारी ठेवले, की थरांना तारखा मिळतात. झाडाच्या वलयांतून वर्षं कळतात. इथल्या किटल्यांतून दिवस कळू लागले, दिवसातून किती वेळा पाणी उकळलं ते कळू लागलं.

मग व्हायचं ते झालं. घरमालक भाडेकरूंच्या गीझरची खपली मागू लागले, तीन माणसांचा करार आणि पाच माणसांच्या अंघोळी कशा काय म्हणून. दुपारभर ऑफिसात असतो म्हणणाऱ्या नवऱ्याची किटली एका बाईने पिशवीत घालून थेट कोर्टात नेली. किराणा दुकानांत लिंबूसत्वाचा खप वाढला, कारण लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर भिजवली की किटलीतला सगळा इतिहास सुटून निघायचा. आणि ज्याची किटली लख्ख, त्याच्याकडे शेजारी जास्तच संशयाने पाहू लागले. शेवटी नियम झाला: घरच्या माणसाच्या सहीशिवाय खपली वाचायची नाही.

यंत्राने चांगलंही केलं होतं. 'एकटे ज्येष्ठ' नावाची योजना होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची खपली दर तीन महिन्यांनी वाचायची. सकाळ-संध्याकाळ पाणी उकळतंय म्हणजे माणूस उठतोय, हिंडतोय, खातोय. दोन म्हाताऱ्या त्यामुळे वेळेवर दवाखान्यात पोचल्या होत्या.

नगरपालिकेच्या पाणी तपासणी केंद्रात असे वाचन करणारे तिघे होते. त्यातली एक मंजिरी. सकाळी आठ ते एक, जुईची बालवाडी सुटेपर्यंत.

तिचे वडील विश्वंभर मिटकरी याच नगरपालिकेत तीस वर्षं वॉलमन होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी घेऊन वॉर्डावॉर्डात फिरायचं, वेळेवर वॉल खोलायचा, वेळेवर बंद करायचा. आता एकाहत्तर वय. दोन वर्षांपूर्वी मंजिरीची आई गेली तेव्हापासून टाकीच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत एकटेच राहत. गॅस चालू राहायला नको म्हणून मंजिरीने त्यांना विजेची किटली आणून दिली होती. योजनेचा फॉर्म मात्र त्यांनी घडी घालून परत केला होता. "तीस वर्षं मस्टरवर सही केली. आता माझी हजेरी किटली घेणार?"

रविवारी त्यांच्याकडे गेली असताना मंजिरी किटली विसळत होती, आणि आतून एक खपली सुटून तिच्या बोटाला चिकटली. ती टाकून द्यायची होती. तिने ती जुईच्या खडूच्या डबीत ठेवली.

आज बुधवारी सकाळी केंद्रात कुणी नव्हतं तेव्हा तिने ती यंत्रात सरकवली. यंत्राला घर क्रमांक लागतो, तिने भरला. सहीचा रकाना लागतो. तिथे तिने 'कन्या' लिहून स्वतःची सही केली.

बावीस नोव्हेंबरपर्यंत थर जाडजूड होते, दिवसाला दोन, घड्याळ लावल्यासारखे. त्यानंतर काही नव्हतं. डिसेंबर नाही, जानेवारी नाही, आज एप्रिलची पंधरा तारीख, पाच महिने कोरे. कागदाला लाल चौकट आली. घर क्रमांकावरून वय आणि एकटेपण यंत्राला आपोआप सापडलं होतं. खाली छापलं होतं: 'एकटे राहणे अयोग्य. काळजी पथकाकडे वर्ग. वाचकाचा शेरा शनिवार दुपारपर्यंत स्वीकारला जाईल.'

पथक आलं की विचारपूस करत नाही, हे तिला माहीत होतं. ते घराला कुलूप लावतं, आणि माणूस एक तर नातेवाइकाकडे जातो नाही तर वृद्धांच्या सहनिवासात.

संध्याकाळी प्रसन्न, तिचा नवरा, घरी आला. तिने कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला.

"तू रोज फोन करतेस ना त्यांना?"

"रोज. साडेसातला. चहा झाला का अण्णा? झाला."

"आणि मग?"

"मग काय. बरं, ठेवते. जुईची रिक्षा आलेली असते."

प्रसन्नने गॅलरीकडे पाहिलं. "काचा लावून घेऊ. पलंग बसेल तिथे."

"आणि ते येतील?"

"तुझ्या वडिलांनी सगळ्या गावाचं पाणी वळवलं, त्यांना कुणी वळवलंय का आजवर?" तो म्हणाला. पण हसला नाही. "पाच महिने चहा नाही म्हणजे, मंजू, स्वयंपाक तरी करत असतील का?"

तेच तिच्या मनात दुपारपासून फिरत होतं. त्यांच्या अंगात सदरा सैल झाला होता का? रविवारी तिने पाहिलं होतं का त्यांच्याकडे, की नुसती भांडीच घासली होती?

गुरुवारी उन्हं कलल्यावर ती जुईला घेऊन टाकीच्या गल्लीत गेली. दाराला कुलूप. तिच्या माहितीप्रमाणे अण्णा या वेळी कधी बाहेर नसत. फोन लावला, तर तो आतच वाजला.

"आजोबा हरवले?" जुईने विचारलं.

"नाही गं."

दहाएक मिनिटांनी गल्लीच्या टोकाला सायकल दिसली. अण्णा ती हाताने ढकलत आणत होते, आणि मागच्या कॅरिअरला पाच लिटरचा पांढरा कॅन सुतळीने बांधला होता.

"अरे, आज गुरुवारीच?" त्यांनी स्टँड लावलं. "वाट पाहायला लागली का? गोडीवर बादली अडकली होती."

"कुठे?"

"गोडी विहीर. स्मशानाच्या पलीकडे, नाल्यात. विसरलीस? तुझी आई डाळीला तिथलंच पाणी आणायची."

मंजिरीला आठवलं. लहानपणी घरात माठाशेजारी एक वेगळी कळशी असायची, तिला हात लावायचा नाही. ते डाळीचं पाणी. सगळी टाकीची गल्ली ते आणायची. ज्या घरची कळशी रिकामी असेल तिला शेजारीण तांब्याभर द्यायची. पुढे घरोघरी पाणी गाळायची यंत्रं आली आणि कळश्या माळ्यावर गेल्या. ती विहीर अजून चालू असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"तुम्ही चहाला हे पाणी वापरता?"

"नोव्हेंबरपासून. धरण आटलं म्हणून यांनी बोअर वाढवला ना, तेव्हापासून चहा गंजल्यासारखा लागायला लागला. आणि खरं सांगू?" ते कुलूप काढता काढता खाली वाकून जुईला म्हणाले, "मी तीस वर्षं सगळ्या गावाला नळाचं पाणी पाजलं. स्वतः चहाखेरीज कधी प्यालो नाही."

जुई खदखदून हसली. मंजिरी उंबऱ्यावरच बसली. गोडी विहीर नाल्याच्या वाळूत आहे. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत तिच्यात उतरतं, काळ्या दगडाला त्याचा स्पर्शही होत नाही. ते उकळलं तर थर बसणार तो कोळ्याच्या धाग्याएवढा. यंत्राची नजर नळाच्या पाण्यावर बेतलेली, त्याला असला थर दिसणारच नाही. चहा पाच महिने होत होता. कागद कोरा होता कारण पाणी चांगलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "किटलीतली एक खपली नेऊ का?"

"रविवारी नेलीस की." ते कॅन आत नेत होते, वळले नाहीत. "खडूच्या डबीत घातलीस. मला वाटलं, सांगशील."

मग तिने सांगितलं. 'कन्या' म्हणून केलेली सही, लाल चौकट, पथक, शनिवार, प्रसन्नने सुचवलेला काचा लावलेल्या गॅलरीतला पलंग. अण्णांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. भिंतीला टेकून गुडघा दोन्ही हातांनी चोळत राहिले.

"म्हणजे मी घरात आहे की नाही हे तुला यंत्रानं सांगायचं होतं."

"मला काळजी वाटली."

"वाटावी की. पण दार माझं आहे, मंजे. वाजवायचं आधी." त्यांनी हात पुढे केला. "आण तो फॉर्म. आता माझी सही घे, नवी खपली ने आणि पुन्हा वाच. नीट वाच. म्हणजे तुझंही समाधान होईल."

शुक्रवारी सकाळी तिने यंत्राची नजर जितकी बारीक करता येईल तितकी केली. आधी पडदा कोराच राहिला. मग, पहाटे धुक्यातून विजेच्या तारा दिसाव्यात तसे धागे दिसू लागले. एक, दोन. एक, दोन. सकाळ, संध्याकाळ. मंजिरीला इतका आनंद झाला की तिने खुर्चीत बसूनच पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

या थरांना तारखा लावायला वही उपयोगाची नव्हती. गोडीला ना धरण ना बोअर. मग तिने हाताने मोजलं. बावीस नोव्हेंबरपासून पुढे मोजत आली. कालपासून मागे मोजत गेली. दोन्ही मोजण्या ज्या ठिकाणी भेटायला हव्या होत्या तिथे भेटल्या नाहीत. मध्ये अकरा दिवस कमी पडले.

तिने पुन्हा मोजलं. अकराच. आणि बरोबर त्या जागी दोन थरांच्या मध्ये एक राखाडी रेघ होती. किटली बराच काळ उघडी, कोरडी पडून राहिली की धुळीची अशी रेघ बसते. आठ फेब्रुवारी संध्याकाळपासून एकोणीस फेब्रुवारी दुपारपर्यंत त्या किटलीत पाणी पडलं नव्हतं.

फोनमधल्या तारखा चाळायची गरज नव्हती. बारा फेब्रुवारीला जुईच्या शाळेचं गॅदरिंग होतं. जुई मक्याचं कणीस झाली होती, मंजिरी आठवडाभर पिवळे कागद कापत होती. अण्णांना बोलावलं होतं. त्यांनी 'गुडघा' म्हटलं होतं. आणि त्या दिवसांत रोज साडेसातला तिने फोन केला होता. चहा झाला का अण्णा? झाला. एकदा ते खोकले होते. सर्दी झाली का, असं तिने विचारलंही होतं. "नाही गं, तोंडात पोहे आहेत," ते म्हणाले होते, आणि बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न दिला होता.

यंत्राच्या हिशोबात अकरा दिवस काही नव्हते. लाल चौकट तीन महिने कोरे गेले की लागते. 'पाणी गोड्या विहिरीचे, आधीचे वाचन लागू नाही' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर फाईल तिथेच बंद झाली असती. ते खरंही होतं. तिने वाक्य टाइप केलं, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि न पाठवता यंत्र बंद केलं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. नऊ वाजता ती जुईला घेऊन अण्णांकडे गेली. या वेळी दार उघडं होतं, तरी तिने कडी वाजवली.

"या," अण्णा आतून म्हणाले. "पास झालो का?"

जुई पाटावर खडू घेऊन बसली. मंजिरीने कागद त्यांच्यासमोर धरला आणि राखाडी रेघेवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. तीस वर्षं पाण्याच्या नोंदी ठेवलेला माणूस. रेघ कुठे तुटते ते त्याला सांगावं लागत नाही.

"ताप होता," ते म्हणाले. "छातीत कफ. डॉक्टर येऊन गेला दोनदा. गणपत पेज आणून द्यायचा. माझ्या हाताखाली होता तो, आता इथला वॉल त्याच्याकडेच आहे."

"आणि चहा?"

"तोही तोच आणायचा, थर्मासमधून. तू विचारायचीस झाला का, तर झालेला असायचा. खोटं नाही बोललो मी."

"पोह्यांचं?"

अण्णा जरा हसले. "हां. ते एक."

"मला का नाही सांगितलंत?"

बाहेर कुणाच्या तरी नळाला हवा येऊन फुरफुरलं. पाणी सुटायची वेळ झाली होती. "तू घाईत असायचीस," ते म्हणाले. "मी तक्रार करत नाही. लहान पोर, नोकरी, माहितीये मला. तुझी आई असती तर तिनं सांगितलं असतं. बायकांना सांगता येतं. मला वाटायचं, हिनं दुसरं काही विचारलं तर सांगू. उद्या विचारेल. मग ताप गेला."

मंजिरी मांडीवरच्या कागदाची कड दुमडत राहिली. तिला रडू येत नव्हतं. कुणीतरी आपली जागा बरोबर दाखवून दिली की येतो तसा एक थकवा आला होता.

"शेरा काय लिहू?" तिने विचारलं. "विहिरीचं पाणी, एवढंच लिहिलं तरी चालतं. कुणी येणार नाही."

"आणि अकरा दिवस?"

"ते कुणाला दिसणार नाहीत. मी मोजले म्हणून दिसले."

"दिसलेत ना? मग लिही." त्यांनी चष्मा काढला. "मी वॉल उशिरा खोलला तर उशीर लिहायचो. साहेब म्हणायचे, मिटकरी, कशाला लिहिता, कोण बघतंय. पण ज्या बाईच्या बादल्या रिकाम्या राहिल्या तिला माहीत असायचं की."

"लिहिलं तर विचारतील, पुढं काय व्यवस्था म्हणून."

"ती सांगू." त्यांनी चष्म्याची घडी केली. "गॅलरीत मी येणार नाही. प्रसन्नरावांना सांग, काचा लावू नका, वारं अडतं. मी असं करतो. गोडीवर मी एक दिवसाआड जातो. येताना तुझ्याकडून येईन. अर्धा कॅन तुला. तुझी डाळ शिजेल, आणि मी तुला दिसेन. ज्या दिवशी आलो नाही, त्या दिवशी तू ये. फोन करू नको. ये."

"आणि गुडघा?"

"सायकल आहे. धरून चालायला बरी पडते."

शेऱ्याच्या फॉर्मवर खाली एक छोटा चौकोन होता: 'घरच्यांशी बोलणे झाले आहे.' मंजिरीने आजवर कितीतरी घरांसाठी त्यात खूण केली होती, तीन मिनिटांच्या फोनवर. आज पेन तिने अण्णांकडे दिलं. त्यांनी आधी शेऱ्याच्या रकान्यात, नोंदवहीत लिहायचे तशा सुट्या, उभ्या अक्षरांत लिहिलं: 'पाणी गोड्या विहिरीचे. फेब्रुवारीत अकरा दिवस ताप. मुलीस कळवले नव्हते. यापुढे एक दिवसाआड भेट.' मग चौकोनात बरोबरची खूण केली आणि सही केली.

मंजिरीने त्याचा फोटो काढून केंद्राला पाठवला. क्षणभराने फोनवर लाल चौकट जाऊन साधी काळी आली. बस, एवढंच.

"चहा ठेवतो," म्हणून अण्णा हात टेकून उठले आणि आत गेले. कॅनमधून किटलीत पाणी ओतल्याचा आवाज आला.

जुईने खडू खाली ठेवला. ती मघापासून सगळं ऐकत होती, हे मंजिरीच्या तेव्हा लक्षात आलं. ती उठून जवळ आली, आईच्या गुडघ्यावर रेलली, आणि आजोबांना ऐकू जाऊ नये अशा बेताने हळूच म्हणाली,

"आई, आजोबांना ताप आला होता तेव्हा आपण कुठे होतो?"